चष्मा उतरवायचं ठरलं तेव्हा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही वाकडं येतं. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. भूकंपात आमची शाळा पडली आणि माझं शिकणं चौथीवरच थांबलं.

लग्नानंतर मी लातूरला आले. क्लासच्या पोरांचे डबे करते. माझ्या लेकीला जाड चष्मा. पाहुणे बघायला आले की मी तिला लेन्स लावून बसवायची. नायगावच्या लोकांनी तिला पसंत केलं, मग त्यांना चष्म्याचं कळलं. मुलाची आई म्हणाली, "लेझर करून घ्या ईनबाई, अर्धा खर्च आमचा." पैसेही देऊन गेली.

नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की तपासणीआधी काही आठवडे लेन्स लावायची नाही. मधेच साखरपुडा आला. चार लोकांत चष्मा कसा चालेल? मी लावायला लावली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "लेन्स लावली होती?"

"न्हाई साहेब," मी बोलून गेले.

यंत्रातलं रंगीत चित्र बघून ते म्हणाले, "बुबुळावरचा पडदा एकसारखा नाही. लेन्समुळे तसं झालं असतं तर काही आठवडे थांबून परत बघितलं असतं."

"मम्मी, सांग की," लेक म्हणाली. शेवटी तिनंच सांगितलं, "लावली होती सर. साखरपुड्याला."

डॉक्टरांनी परत थांबायला सांगितलं. या वेळी तिनं लेन्स डबीतून काढलीच नाही. तरी चित्र तसंच आलं. पडदा मुळातच पातळ होता, खालून फुगत होता. लेझरनं तो आणखी कमजोर झाला असता.

मी हात जोडले, "थोडं तरी करा साहेब, लग्न ठरलंय."

"ताई, लग्नासाठी पोरीचा डोळा घालवू का?"

लेकीसमोर हे ऐकलं. एसटीत चष्मा पुसत ती म्हणाली, "मम्मी, तुला मी दिसायले का नुसता चष्मा?" लातूर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

नायगावकरांनी लग्न मोडलं. त्यांचे पैसे परत करायचे तर जवळ काहीच नव्हतं. थोडे तपासण्यांत गेले होते, बाकीचे मी साखरपुड्याच्या जेवणात घातले होते. ही गोष्ट लेकीला तेव्हाच कळली. ती एका क्लासमध्ये पेपर तपासायला लागली आणि दर महिन्याला थोडे थोडे त्यांना देत राहिली.

शेवटचे पैसे द्यायला मी सोबत नायगावला गेले. ती चष्म्यानिशी आत जाऊन बसली. माझा पाय उंबऱ्याच्या आत पडेना. मुलाच्या आईनं नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाली, "झाले सगळे."