अकरा वर्षांचं अळणी जेवण

आमच्या घरात अकरा वर्षं कमी मिठाचा स्वयंपाक होत होता, आणि त्याचं कारण मी बायकोला सांगितलेलं एक खोटं होतं. ते मी कसं सांगितलं आणि कसं निभावलं, हे एकदा लिहून ठेवायचं आहे.

मेट्रो मयूर विहारपर्यंत पोचली नव्हती त्या काळची गोष्ट. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होतो आणि सकाळी चार्टर्ड बसने ऑफिसला जायचो. ठरलेली बस, ठरलेली जागा, तीच माणसं. एका सकाळी बस यमुनेच्या पुलावर अडकली होती आणि मला रडू यायला लागलं. काहीही झालेलं नव्हतं. घरी सगळं ठीक, नोकरी ठीक. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी विचारलं, "सर, आँख में कुछ गया क्या?" मी हो म्हणालो आणि रुमाल डोळ्यांवर धरून ऑफिसपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच. महिनाभरात माझी झोप गेली, फाइलमधला एक परिच्छेद वाचायला अर्धा तास लागू लागला, आणि मयूर विहारच्या चौथ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत उभं राहणं मी टाळू लागलो.

आमच्यासारख्यांसाठी सरकारी डिस्पेन्सरी असते. मी तिथे गेलो नाही. तिथे औषधाच्या खिडकीशी नाव पुकारतात, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते दहा माणसांना ऐकू जातं, आणि बाकावर आपल्याच मंत्रालयातली दोघं-तिघं बसलेली असतात. माझा वार्षिक गोपनीय अहवाल लिहिणारे साहेबही त्याच खिडकीवर यायचे. शिवाय गणेशोत्सवात भेटणारी मराठी मंडळी होतीच. दिल्लीत आपण थोडे, त्यामुळे कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक. मी राजेंद्र नगरमध्ये, घरापासून लांब, एका खाजगी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नैराश्यावरची गोळी लिहून दिली. रोज सकाळी एक.

चौथ्या की पाचव्या सकाळी बायकोने मला पाण्याबरोबर गोळी घेताना पाहिलं.

"कसली गोळी?"

"बीपीची," मी म्हणालो.

आधी काही ठरवलं नव्हतं. आमच्या सेक्शनमध्ये बीपी हा जवळजवळ मानाचा आजार होता. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाला तो असायचा आणि चहाच्या वेळी आकडे सांगण्याची चढाओढ चालायची. त्यामुळे तो शब्द जिभेवर तयारच होता. मला वाटलं, महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे, मग गोळी बंद होईल आणि बीपीही.

तिने रिकामा पेला उचलून नेला. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर ताटात मीठ नव्हतं. आमच्याकडे ताट वाढताना पहिल्यांदा वरच्या बाजूला मधोमध चिमूटभर मीठ वाढतात, मग बाकीचं. ती जागा मोकळी होती. आमटीत मीठ निम्मं. तिच्या आईने साताऱ्याहून पाठवलेली कैरीच्या लोणच्याची बरणी शेजारच्या पंजाबी बाईंकडे गेली. पापड, कुरडया, मिरगुंडं सगळं बंद.

"तू तरी खा," मी म्हणालो.

"तुमच्यासमोर बसून? छे. सवय होते हो. मीही सोडलं."

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने पहिला घास घेऊनच तोंड वाकडं केलं. "आई, आज पण फीका?"

"फीका नाही म्हणायचं, अळणी म्हणायचं. बाबांसाठी खायचं."

मुलीला तो शब्द आमच्या घरात असा कळला. वडील एकदा पुण्याहून आले, ताटाकडे बघत म्हणाले, "सूनबाई, दिल्लीत मिठाचं रेशनिंग सुरू झालं का?" ती हसली आणि त्यांच्यासाठी वेगळी आमटी करून आणली. मी माझ्या वाटीत बघत जेवत राहिलो.

सहा आठवड्यांत मी बरा झालो, हेही सांगायला हवं. बसमध्ये रडू येईना. झोप आली. बाल्कनीत उभं राहून मी दूधवाल्याशी बोलू लागलो. त्या गोळीने मला वाचवलं, याबद्दल मला आजही शंका नाही. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण तोवर माझं बीपी घरातली एक गोष्ट होऊन बसलं होतं. डिस्पेन्सरीत सर्दीसाठी गेलो की डॉक्टर सवयीने बीपी मोजायचे, ते नॉर्मल निघायचं, आणि घरी येऊन मी ते सांगितलं की तिचा चेहरा खुलायचा. "बघा. मीठ सोडल्याचा गुण." त्या आनंदाला मी काय म्हणणार होतो?

वर्षभराने राजेंद्र नगरच्या डॉक्टरांनी दवाखाना हलवला. मला सांगितलं होतं की गोळी कमी करण्याविषयी येऊन बोला. मी गेलो नाही. पहाडगंजमध्ये एका केमिस्टकडे जुनी चिठ्ठी दाखवून मी गोळ्या घ्यायला लागलो. पुढे तो चिठ्ठीही मागेना. घरी आणण्याआधी पट्टीतून काढून त्या होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत भरायच्या, असा क्रम झाला. एक वर्ष, दोन, सात, दहा. मी तपासणी केली नाही, कुणाला विचारलं नाही.

गोळीने दिलं तसं घेतलंही. उन्हाळा असो की जानेवारी, मानेवरून घाम वाहायचा. तोंड कोरडं. वजन चौदा किलो वाढलं. एकदा पुण्याला जाताना बाटली घरी राहिली. तिसऱ्या दिवशी डोळे फिरवले की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं, जमीन एक बोट सरकायची. बायकोला वाटलं, बीपी वाढलं. तिने माझ्या आईच्या ओळखीच्या डॉक्टरांना बोलावलं आणि मी त्यांच्यासमोर प्रवासाच्या शिणाचं नाटक केलं.

आई गेली तेव्हा मला रडू आलं नाही. मी प्रयत्न केला. तिचे हात आठवले, तिचा खोकला आठवला. आतून काही वर येईना, जणू मधे काचेची भिंत होती. कुणीतरी मागे म्हणालं, "दिल्लीला राहून कडक झालाय." बसमध्ये विनाकारण रडणारा माणूस आईला खांदा देताना कोरडा होता.

आणि आम्हा दोघांतलं. ते तर पहिल्या काही महिन्यांतच संपलं. इच्छाच होईना. झाली तर शरीर साथ देईना. मी पाठ करून झोपू लागलो. एकदा, फक्त एकदा, तिने विचारलं, "माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, "नाही गं, बीपीमुळे." तिने पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर ती केसांना मेंदी लावायला लागली, आणि माझ्यासमोर साडी बदलायची थांबली.

अकराव्या वर्षी, ऐन जूनमध्ये, मला मळमळायला लागलं. डोकं दुखायचं. ऊन फार म्हणून ती मला दर तासाला पाणी पाजायची आणि मीठ आणखी कमी करायची. एका सकाळी मयूर विहार मेट्रो स्टेशनवर मी जिन्यात उभा राहिलो, आणि मला ऑफिसचं स्टेशन कुठलं तेच आठवेना. पुढचं आठवतं ते हॉस्पिटलचं छत.

शुद्धीवर पूर्ण आलो नव्हतो, पण आवाज ऐकू येत होते. एक तरुण डॉक्टरीण बायकोला विचारत होती.

"सोडियम बहुत नीचे है. कोई दवा चलती है इनकी?"

"बीपी की."

"कौन सी?"

बायको माझ्यावर वाकली. "अहो, नाव काय गोळीचं?"

मी डोळे मिटून घेतले. मला ऐकू आलं होतं.

"इनको पता होगा," ती डॉक्टरणीला म्हणाली. "पर नमक तो मैं बिल्कुल नहीं देती. ग्यारह साल से." हे ती अभिमानाने म्हणाली.

"आंटी! परहेज़ भी ऐसा मत करवाइए कि आदमी ही गिर जाए."

स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि बायको माझ्या पायाशी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी चांगला सावध होतो. मी सांगू शकत होतो. ती स्टुलावर बसून माझा पाय चेपत होती. डॉक्टरीण आली की उभी राहून विचारायची, "मॅडम, दाल में कितना डालूँ? एक चम्मच? तीन लोगों में?" मग बाहेर जाऊन बहिणीशी फोनवर बोलली. दार अर्धवट उघडं होतं. "माझ्यामुळेच झालं गं. मीच उपाशी मारलं त्यांना. लोकांच्या बायका नवऱ्याला खाऊ घालून मारतात, मी मीठ काढून." तिला मधेच हसू आलं आणि त्याचं रडं झालं.

मी ते सगळं ऐकलं आणि तो दिवस गप्प राहिलो. आधीच्या अकरा वर्षांना मी भित्रेपणा म्हणू शकतो. त्या एका दिवसाला तो शब्द पुरत नाही.

तिसऱ्या सकाळी डोक्यात झटके सुरू झाले. कोसळल्यापासून गोळी पोटात गेली नव्हती. डॉक्टरीण कागद बघत म्हणाली, "अंकल, बीपी तो बिना दवा के भी नॉर्मल है. और कोई दवा तो नहीं लेते?"

बायको तिथेच होती. मी तिला म्हणालो, "जरा चहा आणतेस?"

ती गेली आणि मी डॉक्टरणीला सांगितलं. गोळीचं नाव, किती वर्षं, कुणालाही न विचारता. तिने लिहायचं थांबवलं.

"यही है. यह दवा सोडियम गिराती है. ऊपर से इतना पानी और इतना कम नमक. असली वजह दवा है. आंटी को पता है?"

"नहीं."

"तो बताइए. दो दिन से मुझसे चम्मच गिनवा रही हैं."

बायको दोन कागदी कप आणि ग्लुकोजची बिस्किटं घेऊन आली. मी बिस्किट हातात घेतलं आणि सांगितलं. बस, पूल, राजेंद्र नगर, पहाडगंज, होमिओपॅथीची बाटली. ती कप हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे तुम्हाला बीपी नाहीच?"

"नाही."

"कधीच नव्हतं?"

"नाही."

तिने कप खाली ठेवला. "आणि ते दुसरं? तेही त्या गोळीने?"

"हो."

"मला वाटायचं, मी आवडेनाशी झाले." ती खिडकीकडे बघत होती. "गणपतीच्या मंडळात कुणाची बायको हसली तरी मी तुमच्याकडे बघायची. तुम्ही कुणाकडे बघताय ते बघायला. अकरा वर्षं, अहो."

मी तिच्या हाताला हात लावायला गेलो. तिने हात काढून घेतला नाही, नुसता तसाच राहू दिला, एखादी वस्तू ठेवल्यासारखा.

"वेडे ठरला असतात म्हणून?"

"हो."

"कुणाच्या नजरेत? माझ्या?"

मी हातातलं बिस्किट पुड्यात परत ठेवलं. ती स्वतःचा चहा प्यायली, मग माझाही प्यायली.

ती गोळी बंद झाली. हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञाने दुसरी सुरू केली. झटके हळूहळू, दीडेक महिन्याने थांबले. घाम कमी झाला. आईचा फोटो पुसताना एकदा मला रडू आलं, आणि मी लाजेने नव्हे तर आनंदाने तसाच बसून राहिलो. आम्हा दोघांतलं काही परत आलं, काही आलं नाही. इतक्या वर्षांनी कुणाच्या दाराशी एकदम जाऊन उभं राहता येत नाही, मग ते आपल्याच घरातलं का असेना.

औषध आता डिस्पेन्सरीतून घेतो. बायको बरोबर येते. पहिल्यांदा खिडकीवर नाव पुकारलं तेव्हा बाकावर आमच्या सेक्शनमधला एक जण होता. त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अच्छा, यह वाली? मेरी मिसेज़ भी लेती हैं," म्हणाला आणि पेपर वाचू लागला.

घरी सकाळी ती पाण्याचा पेला घेऊन येते, पण लगेच देत नाही. विचारते, "कसली गोळी?"

"नैराश्याची."

मग पेला देते. एकही सकाळ चुकलेली नाही. मुलगी सुट्टीला येते तेव्हा तिला हे बघवत नाही. "आई, बस कर ना यार, किती दिवस?" आई म्हणते, "अकरा वर्षं."

स्वयंपाकात आता मीठ सगळ्यांसारखं असतं. लोणच्याची बरणी परत आली आहे. ताट वाढताना ती मुलीच्या ताटात मीठ वाढते, स्वतःच्या ताटात वाढते. माझ्या ताटातली ती जागा अजून मोकळी असते. मिठाचा सट माझ्यासमोर ठेवते आणि म्हणते, "तुमचं तुम्ही घ्या. तुम्हाला किती लागतं, मला कळत नाही."

मी घेतो. ती बघत असते, आणि मी पहिला घास घेतल्याशिवाय ती जेवायला सुरुवात करत नाही.