पोरांच्या बाजूचे आईबाप

श्रीखंडाचे रिकामे डबे कुणी मुद्दाम जमवत नाही. तरी ओट्याखालचं दार उघडलं की धबाधबा अंगावर येतात. आमच्या ग्रुपच्या किश्शांचं तसंच आहे. कुणी विचारतं, "तुम्ही नक्की काय करता हो?" मी एकच सांगायला जाते आणि त्याच्या मागचे सगळे कोसळतात!

तर आम्ही म्हणजे आईबाप. कुणाचा मुलगा गे आहे, कुणाची मुलगी लेस्बियन, कुणाचं लेकरू ट्रान्स. महिन्यातून एका रविवारी घाटकोपरला क्लासच्या एका खोलीत जमतो. सुरुवातीला फक्त रडायला जमायचो. मग कॉलेजांत बोलायला जाऊ लागलो, मोर्चात चालू लागलो, आमच्या पोरांनाही बाकीच्यांसारखाच कायदा लावा म्हणून दारोदार निवेदनं देऊ लागलो. मी मुलुंडची, बँकेतून रिटायर झालेली. माझी ऋजुता अंधेरीला मेघनाबरोबर राहते. आमच्या घरी त्या लेक आणि सून. कायद्याच्या लेखी रूममेट!

*

आमच्यात परबकाका आहेत, भांडुपचे. वडील गिरणीत होते, काका स्वतः अंधेरीच्या एमआयडीसीत फिटर. त्यांचा नीलेश गे आहे. काका पहिल्यांदा आले ते दारापाशीच बसले, मांडीवर हेल्मेट धरून. ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "मी नाय हां. मी मिसेसला सोडायला आलोय."

पुढच्या मीटिंगलाही तेच. "मी सोडायला आलोय." त्याच्या पुढच्या वेळीही दारापाशी, हेल्मेट मांडीवर. ऐकायचे मात्र सगळं. कुणी रडायला लागलं की हेल्मेटची काच पुसायचे.

मग एका रविवारी परबकाकू गावाला गेल्या होत्या. आम्ही मीटिंग सुरू केली, तर दारात काका! एकटेच.

मी विचारलं, "काका, आज कुणाला सोडायला?"

काका आत आले, हेल्मेट खाली ठेवलं, आणि पहिल्यांदाच गोलात बसले.

"आज मी माकाच सोडूक इलंय."

*

तेच काका पुढच्या वर्षी मोर्चात सगळ्यांत पुढे! हातात बोर्ड, स्वतः रंगवलेला: "झील माझो, तुमका त्रास कसलो?"

टीव्हीवाल्या मुलीने त्यांनाच पकडलं. तिला बोर्ड कळेना. काकांनी तिला कॅमेऱ्यासमोर हिंदीत समजावून सांगितलं, "झील मतलब बेटा. बेटा मेरा है, तो तुमको क्या प्रॉब्लेम है? कायदा सबको सेम होना मंगता है!" संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

वाट लागली ती नीलेशची. त्याने ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नीलेश सांगतो, "काकू, नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. बाबांवर इतका चिडलो होतो ना!"

साहेबांनी दार लावून घेतलं. "काल टीव्हीवर होते ते तुझे वडील?"

"हो सर."

"नक्की?"

"हो सर."

साहेब खुर्चीवरून पुढे झुकले.

"गाव कुठलं तुमचं? आम्ही देवगडचे!"

*

एकदा पवईच्या बाजूला एका कॉलेजात माझं भाषण होतं. मी चांगलं घोटून गेले होते. घटना, समानता, हक्क, सगळं. भाषण झालं, टाळ्या झाल्या. मग एका मुलाने विचारलं, "काकू, ते सगळं ठीक आहे. पण तुम्हाला मुलीने सांगितलं, त्या दिवशी तुम्ही काय केलं?"

ह्याचं उत्तर काही मी घोटलेलं नव्हतं. खरं तेच सांगितलं. "मी माळा साफ केला. ती बोलली, मी 'बरं' म्हटलं, स्टूल लावलं आणि वर चढले. जुने पत्र्याचे डबे, तुटका पंखा, सगळं काढलं. ती खाली उभी राहून एकेक वस्तू हातात घेत होती. मला रडू येत होतं आणि ते धुळीवर ढकलता येत होतं."

सगळे हसले. मीही हसले.

नंतर बाहेर चपला घालत होते, तर एक मुलगी येऊन उभी राहिली. इकडेतिकडे बघत अगदी हळू म्हणाली, "काकू, मागच्या महिन्यात माझ्या आईने पण माळा साफ केला. मला वाटलं, पाहुणे येणारेत."

*

निवेदन द्यायला आम्ही एका लोकप्रतिनिधींकडे गेलो, तो किस्सा तर मी कुठेही सांगते. मी, परबकाका, कांबळेताई आणि आमचे हे. सगळ्यांचे केस पांढरे. मी काठाची साडी नेसलेली, ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. साहेबांनी आम्हाला बघितलं, निवेदनाचा विषय बघितला आणि पुढचं वाचलंच नाही!

"बसा, बसा. तुमचं दुःख मी समजू शकतो," म्हणाले. "आईवडिलांवर काय वेळ आणलीय ह्या पोरांनी! पण आपली संस्कृती आहे, आपली कुटुंबव्यवस्था आहे. ती जपायलाच पाहिजे. तुम्ही अजिबात मागे हटू नका. मी तुमच्या पाठीशी आहे!"

कांबळेताई माझ्याकडे बघतायत, मी ह्यांच्याकडे. हे कधी कुठे बोलत नाहीत, पण त्या दिवशी घसा खाकरून म्हणाले, "साहेब, जरा गोंधळ होतोय. आम्ही पोरांच्या विरोधात नाही आलो. आम्ही त्यांच्या बाजूचे. त्यांना लग्नाचा हक्क पाहिजे म्हणून आलोय."

साहेबांनी चहाचा एक घोट घेतला. फक्त एक.

"तेच म्हणतोय ना मी! आपली कुटुंबव्यवस्था आहे. ती जपायची तर पोरांची लग्नं नकोत का व्हायला?"

*

कांबळेताई नर्स आहेत, राहायला घाटकोपरलाच. आवाज असा की वॉर्डच्या ह्या टोकाचा पेशंट त्या टोकाला सरळ होऊन बसेल. त्यांची आरोही ट्रान्स आहे. जन्मली मुलगा म्हणून, मोठी झाल्यावर तिने आईला सांगितलं की मी मुलगी आहे. ताईंना वेळ लागला, पण एकदा मान्य केलं म्हणजे केलं. आरोहीसाठी त्या कुठल्या कुठल्या ऑफिसांत भांडून आल्यात!

एका मीटिंगला आरोही स्वतः आली, तक्रार घेऊन. "आधी मी कितीही वाजता घरी आले तरी आई विचारायची नाही. आता दिवेलागणीला फोन. कुठे आहेस? कोण आहे सोबत? ओढणी घेतलीस का? समान हक्कांवर भाषणं देते यार ही, आणि घरी हे असं!"

ताई म्हणाल्या, "मुलगी म्हणायचं ना तुला? मग मुलीची बोलणी पण खा!"

आरोही हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

परबकाका म्हणाले, "ताई, असा करा. तिच्या भावाकपण तोच टायम लावा. झाली समानता!"

ताईंनी खरंच लावला. भाऊ तेव्हापासून काकांशी बोलत नाही.

*

लग्नाच्या हक्काचा सुप्रीम कोर्टाचा निकाल होता, त्या दिवशी आम्ही सगळे कांबळेताईंकडे जमलो होतो. ऋजुता आणि मेघनाही सुट्टी टाकून आल्या. टीव्हीवर थेट प्रक्षेपण. इंग्रजी वाचन चाललेलं. कळत होतं अर्धंच, पण चेहरे कळत होते. शेवटी वकील असलेली एक आई म्हणाली, "नाही दिला. कायदा संसदेने करायचा म्हणतायत."

ऋजुताने मेघनाचा हात धरलेला, तो तसाच. स्वयंपाकघरात ताईंनी सकाळीच केलेला शिरा होता. त्याचा वास येत होता, आणि तो आता नको वाटत होता.

ताईंनी उठून टीव्ही बंद केला.

"चवदार तळ्याची केस किती वर्षं कोर्टात होती, माहितीये?" त्या म्हणाल्या. "तेवढी वर्षं आमच्या लोकांना तहान लागायची थांबली नव्हती."

मग आत जाऊन पातेलंच घेऊन आल्या. "चला, वाट्या घ्या. शिरा गार झाला की त्याचा दगड होतो."

*

आता हा शेवटचा. मेघना ठणठणीत आहे, हे आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको.

एका दुपारी ऋजुताचा फोन. "आई, मेघूचं अपेंडिक्स. आजच ऑपरेशन करायचंय, आणि ते माझी सही घेत नाहीयेत." आम्ही मुलुंडहून अंधेरी गाठली. काउंटरपाशी ऋजुता उभी, चेहरा लालबुंद. मेघनाने स्वतः सही केली होती, पण हॉस्पिटलला नातेवाईकाचीही हवी होती.

काउंटरवरची मुलगी वाईट नव्हती. नियम सांगत होती. "मॅडम, तुम्ही पेशंटच्या कोण?"

"पार्टनर."

"बिझनेस पार्टनर?"

मी पुढे झाले. "मी पेशंटची सासू."

"बरं झालं. मग मिस्टरांना बोलवा ना!"

मिस्टर कुठून आणणार? रक्ताचे म्हणजे मेघनाचे वडील, बोरिवलीला. शाळेत शिक्षक होते. मुलीने घर सोडलं त्या दिवसापासून त्यांनी तिचा फोन उचलला नव्हता. मी आत जाऊन मेघनाला नंबर विचारला. तिने डोळे मिटूनच सांगितला. पाठ होता.

मी फोन लावला. "मी ऋजुताची आई बोलतेय. मेघनाचं ऑपरेशन आहे. तुमची सही लागतेय." पलीकडून फोन कट. मला वाटलं, संपलं.

पण आले. घरातल्या स्लिपर्स, शर्टाचं एक बटण चुकलेलं. माझ्याकडे बघून मान हलवली. ऋजुताकडे बघितलंही नाही.

"पेशंटचे कोण?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"वडील."

"या काका. इथे सही करा."

त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि विचारलं, "तिला दुखायला कधी लागलं?"

मुलीने ऋजुताकडे बघितलं. ऋजुता म्हणाली, "कालपासून. आधी पित्त वाटलं. सकाळी ताप आला तशी घेऊन आले. थायरॉइडची गोळी तेवढी घेतलीय, बाकी पोटात काही नाही."

"तिला थायरॉइड आहे?"

ऋजुताने मान हलवली. ते पेन हातात धरून तसेच उभे राहिले. मग पहिल्यांदा ऋजुताकडे नीट बघितलं, आणि पेन तिच्यापुढे धरलं.

मुलगी घाबरली. "काका, असं नाही चालत. जवळच्या माणसाचीच सही लागते."

"तेच सांगतोय," ते म्हणाले. "जवळची ती आहे. मी बोरिवलीहून आलोय."