बेल्ह्याच्या बाजारातला जबाब

चैत्रातल्या एका सोमवारी, बेल्ह्याच्या बैलबाजारात, पोलिसांनी एका मुक्याबहिऱ्या शेतकऱ्याला बैलचोरीच्या संशयावरून धरले. विसावे शतक नुकतेच लागले होते. नेमके साल माझ्या कात्रणांत मिळत नाही, कारण ही बातमी मी छापायला पाठवली नाही.

संशयाचे कारण एवढेच, की शिपायाने मागून दोनदा विचारले, "बैल कुणाचा रं?" आणि त्या माणसाने वळूनही पाहिले नाही. शिपायाने कासऱ्याला हात घातला, तेव्हा त्याने शिपायाला ढकलले. बाजारात त्याला ओळखणारे कोणी निघाले नाही. दिवस मावळेपर्यंत ओळख पटली नाही, तर माणूस जुन्नरच्या कोठडीत आणि बैल कोंडवाड्यात जाणार होता.

फौजदारांना मदतीला एक शहाणा माणूस हवा होता. मी पुण्याच्या एका साप्ताहिकाचा जुन्नरचा बातमीदार. त्यांनी मला बोलावले. "तुम्ही लिहिणारे आहात. याला बोलतं करा."

मी प्रश्न कागदावर ठळक बाळबोध अक्षरांत लिहून दिला. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि सरकारी पावती असावी अशा अदबीने पागोट्यात खोचला. मग मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो. बैल बुजला.

"भाऊ, बैलाला ऐकू येतंय," गर्दीतला एक दलाल म्हणाला.

तेव्हा मला युक्ती सुचली. या बाजारात भाव तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटे धरून आकडा कळवतात. बघणाऱ्यांना पत्ता लागत नाही. या पद्धतीवर मी आमच्या साप्ताहिकात दीड स्तंभ लिहिला होता. उपरण्याखाली हात मात्र कधी घातला नव्हता. इथे मुका आणि बोलका सारखेच, असे मी फौजदारांना समजावले. त्यांना ते पटले.

मी आमच्या हातांवर उपरणे टाकले आणि त्याची दोन बोटे धरली. मला विचारायचे होते, बरोबर आणखी कोणी आहे का, तुम्ही दोघे आलात का? त्याने हात झटकला, बैलाचा जबडा उघडून दात दाखवले आणि माझा खांदा धरून मला बैलाच्या वशिंडापुढे उभे केले.

"एवढ्यात शेळी बी न्हाई यायची, पावणं!" दलाल म्हणाला.

फौजदार मात्र गंभीर झाले. "चोरीचा माल असता, तर मिळेल त्या भावाला दिला असता," ते म्हणाले आणि त्यांनी शिपायाला जरा मागे सरायला सांगितले.

तो माणूस अजून शिपायावरची नजर काढत नव्हता. धीर द्यावा म्हणून मी पुन्हा उपरण्याखाली हात घातला आणि त्याची पाचही बोटे घट्ट धरली. त्याचा चेहरा उजळला. हात बाहेर काढून त्याने माझ्या तळव्यावर टाळी दिली आणि कासरा माझ्या हाती ठेवला.

"सवदा झाला! लई चांगला भाव दिला राव तुमी!" दलाल ओरडला.

टाळी पडली की सौदा मोडत नाही, हे माझ्या दीड स्तंभात होते. मी जुन्नरात भाड्याच्या माडीवर राहत होतो.

"बैल चोरीचा निघाला," फौजदार म्हणाले, "तर चोरीचा माल घेणारा म्हणून आता तुमचं नाव."

त्या माणसाच्या निर्दोषपणाची काळजी मला आधीपासून होती. आता ती फार वाढली.

दिवस कलताना त्याचा थोरला भाऊ आला. तो निमगाव सावाला बहिणीकडे जेवायला गेला होता. बहीण तिथल्या पोलीस पाटलांच्या घरी दिलेली. पाटील बरोबरच होते. त्यांनी माणूस ओळखला आणि बैलही.

"आमी डिंगोऱ्याचं," भाऊ म्हणाला. "बैल घरच्या गायीचा हाय. बाजारात सवदा हाच करतो. मी बोलतो, म्हून मला लोक फसवत्यात."

पाच बोटे मी कशासाठी धरली, ते मी भावाला सांगितले. त्याने खुणांनी ते पुढे कळवले. मुक्याने माझा तळवा उलटा करून पाहिला, त्यावर अंगठा घासला आणि भावाकडे बघून मान हलवली.

"काय म्हणतोय?" फौजदारांनी विचारले.

"ह्या मऊ हाताखाली बैल उपाशी मरंल, म्हणतोय. न्हाई द्यायचा."

मुक्याने कासरा माझ्या हातातून काढून घेतला. देणाऱ्याच्या मर्जीने सौदा मोडला, असे फौजदारांनी दलाल आणि पाटलांच्या देखत जाहीर केले आणि दोघा भावांना जायला मोकळीक दिली. बैल घेऊन मुका पुढे, भाऊ मागे, असे ते ओतूरच्या रस्त्याला लागले.