जंटरमेनचा हँगर

जंटरमेन कोणालाही मारण्याआधी त्याची माफी मागायचा. "माफ करा साहेब, जरासा वेळ लागंल," असं म्हणून तो कोटाच्या बटणाला हात घालायचा. आणि समोरचा, हातात लोखंडी टामी, तोंडाला फेस, डोळ्यांत रक्त असा सहा फुटी ड्रायव्हर खरोखर थांबायचा. कोट उतरवणाऱ्या माणसावर हात कसा टाकावा हे आपल्याकडे कोणालाच ठाऊक नसतं. कमरेचा पट्टा काढणारा, चप्पल काढणारा, बाह्या सरसावणारा, सगळे ठाऊक असतात. हा मात्र आधी छातीच्या खिशातला पांढरा रुमाल काढून घडीसकट बाजूला ठेवायचा. मग शर्टाच्या बाह्यांची बटणं. मग टायचं टोक शर्टाच्या आत. सगळ्यात शेवटी कोट.

कोट धरायचा मान माझा. कोहमाऱ्याच्या चौकात, ढाब्याला लागून माझं पंक्चरचं दुकान. माझे हात जन्मजात काळे, त्यामुळे कोटाला बोट लावायची मला बंदी होती. मी फक्त हँगर धरायचो. तो दोन्ही खांदे नीट बसवायचा, मी हँगर दुकानाच्या खिळ्याला अडकवायचो, आणि मग कोहमाऱ्यात मारामारी सुरू व्हायची. ढाब्यावर जेवणाऱ्यांना मान वळवायचीही गरज नसे. खिळ्यावर कोट दिसला की ते आपापली ताटं उचलून आत जायचे. खिळ्यावर कोट नसला की चौकात शांतता आहे असं समजायचं.

त्याचं खरं नाव यादोराव; जंटलमनचं जंटरमेन ड्रायव्हरांनी केलं. तो ट्रान्सपोर्टमध्ये मुनशी होता. कोणत्या गाडीचा नंबर कधी लागणार, कोण आधी भरणार, कोण मागून घुसला, हे त्यानं ठरवायचं. म्हणजे दिवसातून दोनदा कोणाचं तरी डोकं फुटायचंच, फक्त कोणाचं ते ठरायचं बाकी असे. एकदा रायपूरकडचे तिघं भाऊ आले. तिघांचे मिळून दात शंभराच्या वर असावेत, असे ते हसत होते. जंटरमेन बाहीची बटणं सोडत होता.

"अबे जल्दी कर, माल भरना है," थोरला ओरडला.

"दो मिनट साहेब. कफलिंक है."

ही कफलिंक म्हणजे मीच त्याला ट्यूबच्या पितळी व्हॉल्वच्या टोप्या घासून करून दिली होती. ती निघेस्तोवर मधल्या भावाचा राग ओसरला, तो चहा प्यायला गेला. धाकट्याला लघवी लागली. राहिला थोरला. त्याला जंटरमेननं एकच ठोसा दिला. मी शपथेवर सांगतो (माझी शपथ कोहमाऱ्यात कोणी धरत नाही, ही गोष्ट वेगळी), त्या ठोशाच्या आवाजानं नवेगावच्या तलावावरची पाखरं उठली. थोरल्याचा एक दात उडाला तो ढाब्याच्या चुलीवरच्या डाळीच्या गंजात पडला. नंतर एका गिऱ्हाइकानं डाळीत खडा आहे म्हणून भांडण काढलं, तेव्हा जंटरमेननं पुन्हा कोट उतरवला.

हे सगळं तो शिकला एका सीडीवरून. ट्रान्सपोर्टच्या हापिसात टीव्ही होता आणि टीव्हीबरोबर एकच सिनेमा होता, हिंदीत बोलणाऱ्या एका गोऱ्या हेराचा. त्यात आगगाडीच्या टपावर मारामारी होती, जळती जहाजं होती, अंगाला अंग घासणाऱ्या बाया होत्या. जंटरमेनला यांतल्या कशाशी घेणं नव्हतं. तो बरोबर नको तिथं सिनेमा थांबवायचा आणि पडद्याला नाक लावायचा.

"अरे पुढं जाऊ दे ना गा, बॉम्ब फुटून राहिला!" ड्रायव्हर कल्ला करायचे.

"फुटंल साहेब, बॉम्ब कुठं जाते? पन बाही पाहा. कोटाच्या बाहेर शर्ट अर्धा बोटच आहे. खाली पडला तरी अर्धा बोट. उठला तरी अर्धा बोट."

सीडी घासून घासून पांढरी पडेपर्यंत त्यानं ते पाहिलं. कोटाला दोन बटणं, त्यातलं फक्त वरचं लावायचं. खालचं बटण लावणारा माणूस त्याच्या मते जावई होता, साहेब नव्हता. बसताना बटण सोडायचं, उठताना लावायचं. रुमालाची घडी खिशाबाहेर एक सरळ रेघ, फूल नाही, त्रिकोण नाही. बूट काळे, मोजे काळे, आणि बसल्यावर पायाचं कातडं दिसता कामा नये. आम्हा लुंगीवाल्यांत बसून तो हे सांगायचा तेव्हा आम्ही आपापले पाय पोटाशी घ्यायचो. त्याचं एक ठाम मत होतं. "त्या गोऱ्याजवळ पिस्तूल आहे म्हनून लोकं भिऊन नाही राहिले. एवढा मार खाऊन कोटाले सुरकुती नाही म्हनून भिऊन राहिले."

कोट गोंदियाच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या उस्तादानं शिवला. गडद करड्या रंगाचा, आतून अस्तर, मागं दोन चिरा. मापं घेताना उस्ताद वैतागला. "मियाँ, ये गोंदिया है, विलायत नहीं. मई में पहनोगे तो उबल जाओगे." जंटरमेन म्हणाला, "उबलेंगे, मगर सीधे खडे होके उबलेंगे." आणि तो उकळलाही. मे महिन्यात डांबर पातळ होऊन माझा जॅक रस्त्यात बुडायचा, तेव्हा हा कोट घालून चौकात उभा असायचा. त्याच्या अंगाची वाफ पाहून एका ड्रायव्हरनं त्याच्याकडे रेडिएटरसाठी पाणी मागितलं होतं.

पण कोट कशासाठी, हे मला कळलं ते त्याच्या घरी गेल्यावर. अर्जुनीच्या वाटेवर त्याचं गाव. दोन खोल्या, अंगणात धानाचा पेंढा, आणि समोरच्या भिंतीवर एक फोटो. चष्मा, कोट, टाय. त्या फोटोतल्या माणसाचं नाव मी तुम्हाला सांगायची गरज नाही. आपल्याकडे ज्या घरांत तो फोटो असतो, त्या घरांत सकाळी आधी त्याची काच पुसतात, मग चहा ठेवतात. जंटरमेनच्या आईनं मला पाणी दिलं आणि लेकाकडे बघत म्हणाली, "याचा बाप पोती वाहे. आंगावर कपडा टिकेच ना. पोतंच घासून घासून फाडे. मालकासमोर जाताना तर असला नसला कपडाही काढून बगलेत धरे. कोट आमच्या घरात भिंतीवरच होता बापा. दारातून चालत आता आला."

जंटरमेननं ते ऐकलं न ऐकलंसं केलं, पण उठताना त्यानं बटण लावलं आणि एकदा फोटोकडे, एकदा स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. अर्धा बोट. बरोबर होतं.

त्यानंतर दोन-तीन पावसाळे गेले असतील. कोहमाऱ्यात ड्रायव्हरांच्या कमरेला नुकते मोबाइल लटकायला लागले होते. वाळूचा एक ठेकेदार होता, त्याला सगळे पैलवान म्हणायचे. पैलवानाची गाडी रांग सोडून पुढं घुसली, जंटरमेननं ती मागं पाठवली. दुपारी पैलवान जीप घेऊन आला. बरोबर चार जण, चौघांच्या हातात काठ्या. जंटरमेन माझ्या दुकानासमोर खुर्चीवर बसला होता, बटण सोडून, नियमाप्रमाणे.

"काऊन बे मुनशी, माही गाडी काऊन अडवून राहिला?"

"अडवली नाही साहेब. नंबर लागला का जाईल."

मी सवयीनं खिळ्यावरचा हँगर काढून हातात घेतला. आता रुमाल, मग बाह्या, मग टाय. काय व्हायचं ते पाठ होतं. जंटरमेन उठला. त्याचा हात बटणाकडे गेला. पैलवानानं त्याला बुटापासून टायपर्यंत न्याहाळलं आणि रस्त्यावर थुंकला.

"आधी कोट उतरव. मंग बोल माह्याशी."

जंटरमेनचा हात बटणावरच थांबला. पुढच्या मिनिटाला तो कोट तसाही उतरणारच होता. शंभर वेळा मी तो उतरलेला पाहिला होता. मी हँगर पुढे केला.

"ऐकू नाही आलं काय बे? तुया बापानं घातला होता काय कोट?"

"नाही घातला साहेब," जंटरमेन म्हणाला. "म्हनूनच मी घालून राहिलो."

आणि त्यानं बटण लावलं. वरचं, एकच. माफी मागितली नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा टायरवाला इथं वाढवून सांगणार. एरवी मी वाढवतोच. हे मात्र मी कमी करून सांगतोय. पहिली काठी त्याच्या खांद्यावर बसली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळलेली तुराटी मोडते तसा. दुसरी भुवईवर. रक्त नाकाच्या बाजूनं टायवर उतरलं. त्यानं डाव्या हातानं एकाची काठी धरली आणि उजव्यानं त्याच्या गळ्यावर मारलं, तर तो माणूस खोकतच बसला, मला वाटतं अजून खोकत असेल. दुसऱ्यानं मागून कोटाची चीर धरून ओढली. कापड फाटताना जंटरमेन पहिल्यांदा ओरडला. हाड मोडताना ओरडला नव्हता. त्यानं त्या माणसाला उचलून ढाब्यावर फेकलं. तोपर्यंत आतले ड्रायव्हर निवांत जेवत होते, कारण खिळ्यावर कोट नव्हता. भाजीच्या ताटात माणूस येऊन पडला तेव्हा एक सरदार ओरडला, "ओए, कोट नहीं टंगा और लडाई चालू?" आणि ते सगळे टाम्या घेऊन बाहेर आले. उरलेले दोघं जीपकडे पळाले. माझ्याबद्दल विचाराल, तर माझ्या हातात हँगर होता, मी तो फिरवला. कोणाला लागला ते विचारू नका. बहुतेक मलाच लागला.

राहिला पैलवान. त्यानं जंटरमेनच्या मोडक्या खांद्यालाच धरलं आणि कोट खेचायला लागला. "उतर! उतर!" एवढंच त्याच्या तोंडात. बाही खांद्यापासून सुटली, आतलं पांढरं अस्तर बाहेर आलं, पण जंटरमेननं कोपर अंगाशी दाबून धरलं ते सोडलं नाही. तसाच त्याला रेटत रेटत माझ्या दुकानापर्यंत आणलं आणि एका हातानं त्याचं तोंड पंक्चर तपासायच्या पाण्यात बुडवलं. काळं, तेलकट पाणी ते. ट्यूब बुडवल्यावर येतात तसे बुडबुडे आले. लीक कुठं आहे ते लगेच कळलं.

बुडबुडे कमी व्हायला लागले. सरदार म्हणाला, "बस कर जंटरमेन, मर जाएगा." मला त्या क्षणी त्याची भीती वाटली, जन्मात पहिल्यांदा. मग त्यानंच पैलवानाला केसांनी धरून वर काढलं, नीट उभं केलं आणि म्हणाला, "गाडीले नंबर लागला का फोन करतो साहेब."

आणि केलाही. संध्याकाळी, दवाखान्यातून, माझ्या मोबाइलवरून.

दवाखान्यात कंपाउंडरनं कात्री आणली, कोट कापल्याशिवाय खांदा दिसणार नाही म्हणाला. जंटरमेननं त्याचा हात धरला. "कात्री नको. मी उतरवतो." मोडक्या हाडानं तो ती एक बाही उतरवत होता, तर घाम त्याच्या हनुवटीवरून टपटपत होता आणि ओठ दातांखाली फाटला होता. कोणी हात लावला नाही. मी हँगर धरून उभा होतो, वाकडा झालेला. त्यानं त्यावर कोट बसवला. एक खांदा होता, दुसरा नव्हता.

गोंदियाच्या उस्तादानं तो कोट असा रफू केला की जंटरमेन नाराज झाला. "शोधून सापडत नाही गा, कुठं फाटला होता! लोकं म्हनतील झालंच नाही काही." मी म्हटलं, पुरावा म्हणून मी आहे ना. तो म्हणाला, "तुमच्यावर कोन विश्वास ठेवंल, टायरवाले साहेब?"

त्याचं मरण मारामारीत आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. काही वर्षांनी मे महिन्यात खुर्चीत बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि तो गेला. एवढी माणसं त्याच्यासमोर थांबली होती, मरण थांबलं नाही. कोट उतरवायला त्याला वेळच दिला नाही.

त्याच्या गावी आम्ही सगळे गेलो. लुंग्या सोडून पँट घालून गेलो. नात्यातला एक म्हातारा पांढरं वस्त्र घेऊन आला. "कोट उतरवा गा," तो म्हणाला, "मंग हे घालू."

आई भिंतीला टेकून बसली होती. फोटोखाली बसूनच तिनं मान वर केली.

"कोट उतरव म्हननाऱ्याचं काय झालं, मालूम आहे ना?"

म्हातारा दोन पावलं मागं सरला. शपथेवर सांगतो, आम्ही सगळेच सरलो. मग तिनं उठून लेकाची बाही सारखी केली. शर्ट अर्धा बोट बाहेर काढला. वरचं बटण लावलं. पांढरं वस्त्र वरून घातलं.

हँगर माझ्याकडेच राहिला. सरळ केला तरी एका बाजूनं वाकडाच आहे. रस्ता रुंद झाला, दुकान मागं सरकलं, खिळा मी सोबत नेला आणि हँगर त्याच खिळ्याला आहे. जुने ड्रायव्हर येतात, आधी तिकडे बघतात, कोट नाही असं पाहून जेवायला बसतात. मी ट्यूब पाण्यात बुडवतो, बुडबुडे बघतो, आणि ढाब्याकडून जरा मोठा आवाज आला की माझा काळा हात अजून हँगरकडे जातो.