कोनी हाये काय घरात?

शेलूबाजारच्या अलीकडे रस्ता रुंद करायचं काम चालू आहे. तिथे उपटलेल्या बाभळींच्या शेजारी, धुळीत, परवा एक दार उभं होतं. नुसतं दार. चौकट, उंबरा, कडी, कोयंडा सगळं जागच्या जागी. भिंती पाडून झालेल्या, टिनं ट्रॅक्टरवर लादून गेलेली. चौकट सागाची, ती न तुटता निघाली पाहिजे म्हणून मजुरांनी शेवटाला ठेवली असावी. दाराच्या अलीकडे ऊन होतं आणि पलीकडेही तेच ऊन होतं. हे दार आमच्या मळ्यातल्या घराचं. घर आणि मळा दोन्ही रस्त्यात गेले, आणि शेवटचं एकदा पाहून येऊ म्हणून मी वाशीमहून निघाले होते. तुम्हाला हसू येईल, पण त्या दाराकडे पाहून मला आधी घर आठवलं नाही. आठवला तो एक विलायती सिनेमा, ज्याचं नावही मला कधी कळलं नाही.

पण त्याआधी बाबांविषयी सांगायला हवं. सत्तरच्या दशकातली ती वर्षं. बाबा मळ्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि शेलूच्या बाजारात विकायचे. माणूस दिसायला गंभीर, बोलायला महाबिलंदर. रोज संध्याकाळी बाजारातून परतले की सरळ घरात येतील तर शपथ. कुंपणाच्या फाटकाबाहेर परक्यासारखे उभे राहायचे आणि घसा खाकरून विचारायचे, "कोनी हाये काय घरात?"

माय चुलीपुढून, मान वर न करता म्हणायची, "कोनी नाई."

"मंग बोलून कोन राह्यलं?"

"कोनी नाई म्हनलं ना!"

"बरं. कोनी आलं तं सांगजो, मी येऊन गेल्तो." आणि हा गृहस्थ खरोखरच पाठ फिरवून चालू लागायचा. मग मी धावत जाऊन त्यांच्या शर्टाचं टोक धरून त्यांना ओढत आणायचं, हे ठरलेलं. रोज तेच शब्द, रोज तोच चेहरा. त्या बोलण्यात गंमत नेमकी कुठे होती, ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्या आईवडिलांनी एकमेकांशी प्रेमाचं म्हणून काही बोललेलं मी कधी ऐकलं नाही. जे होतं ते बहुधा या 'कोनी नाई'मध्येच होतं.

बाबांच्या तोडीचा असा एकच माणूस मी पाहिला. सुगीनंतर दरवर्षी गावात येणारा बहुरूपी. कधी पोलीस, कधी डॉक्टर, कधी नऊवारी नेसलेली रुसकी विहीणबाई. त्याचा खरा चेहरा आम्ही कोणी पाहिलेला नव्हता. एका वर्षी तो फौजदार होऊन आमच्या मळ्यात आला, वांग्यांच्या वाफ्यापुढे छडी आपटत उभा राहिला आणि दरडावून म्हणाला, "हे वांगे निळे काहून झाले? कोनं मारलं यायले?" बाबा हात जोडून पुढे झाले. "सायेब, कोनी नाई मारलं. आपसातच भांडले." फौजदाराने सगळ्या वाफ्याला अटक केली, बाबांनी वांग्यांची जमानत घेतली, आणि जाताना टोपलीभर आरोपी फौजदाराच्या झोळीत गेले. बहुरूपी संध्याकाळपर्यंत थांबला तर फाटकावरचा तो रोजचा सवालजवाबही मन लावून ऐकायचा. एकदा मला म्हणाला, "पोरी, तुया बाप माह्या धंद्यात असता तं मी उपाशी मेलो असतो."

ज्या पावसाळ्यात बाबा तापाने गेले, त्यानंतर माय बोलायची थांबली असं नाही. कामापुरतं बोलायची, खुरपायची, भाजी बाजारात पोचवायची. पण कुंपणाबाहेरून कोणी हाक मारली की ती जागची हलत नसे. शेजारीण येवो, भाजी घ्यायला कोणी येवो, घरात असूनही ती भिंतीकडे पाहत बसायची आणि माणूस दोन हाका मारून निघून जायचा. मी ओ द्यायला उठले तर हाताने खाली बसवायची. मला तिची फार भीती वाटायला लागली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. सुगी आटोपल्यावर मामा कामरगावहून आला, त्याने हे दोन-तीन दिवस पाहिलं आणि ठरवून टाकलं, मळा बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्याने, दुसऱ्याला कसायला द्यायचा आणि आम्हा दोघींना कामरगावला न्यायचं. माय 'हो' म्हणाली नाही आणि 'नाही'ही म्हणाली नाही. बाबांनी खणलेली विहीर, त्यांनी लावलेला लिंबू, ते फाटक, सगळं सुटणार होतं, आणि ही बाई चुलीतली राख बाजूला सारत बसली होती.

त्याच दिवसांत शेलूला तंबूतला सिनेमा आला. बैलगाडीवर भोंगा लावून दिवसभर ओरडणं चाललं होतं. पिच्चर देवाचा होता, म्हणूनच मामाला धीर आला. "चाल, बाई," तो मायला म्हणाला, "देवाच्या दर्शनाले गेलं तं कोन नावं ठेवन?" आम्ही गेलो. तंबू भरला, दिवे गेले, आणि पडद्यावर कोट घातलेले गोरे लोक दिसायला लागले. रिळांची पेटी बदलली होती. एसटीच्या टपावरून जी पत्र्याची पेटी उतरली तिच्यात देव निघालेच नाहीत. ते कुठल्या गावी उतरले ते त्यांनाच ठाऊक. तिकिटं फाडून झालेली, त्यामुळे मालकाने जे आलं ते दाखवायला घेतलं आणि भोंग्यावाल्याला पडद्याशेजारी उभं करून सांगितलं, समजावून सांग. त्या बिचाऱ्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

काय सिनेमा होता तो! एका नदीच्या मधोमध कचेरी. टेबल, खुर्ची, फायली, साहेब सगळं वाहत्या पाण्यात. लोक गळ्याइतक्या पाण्यातून अर्ज घेऊन येत होते आणि साहेब एकेक अर्ज ओला आहे म्हणून परत करत होता. मग एकदम न्हाव्याचं दुकान आणि तिथे नंबर लावून बसलेला, पुढ्यात पेपर उघडलेला घोडा. गोष्ट रंगात यावी आणि मधेच तुटावी, पुढे तिचा पत्ताच नसावा. लोक मशीनवाल्यावर ओरडायला लागले, "अबे, रीळ उलटं लावलं काय?" तो आईची शप्पथ घेऊन सांगत होता की पेटीतच असं आहे. आणि दर खेपेला माणसं तीच. मघाचा साहेब आता न्हावी, मघाचा न्हावी आता फुलाफुलांचा झगा घातलेली म्हातारी. भोंग्यावाला पार गोंधळला. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "अरे, हे तं बहुरूपी हायेत!" झालं. सगळ्या तंबूला एका क्षणात तो सिनेमा कळला. दंडारीच्या खेळात पुरुषांनी लुगडी नेसलेली पाहिलेली माणसं ती, त्यांना झग्याचं काय नवल? भोंग्यावाल्याचाही आवाज चढला, "पाहा, पाहा, विलायतचे बहुरूपी! आता कोन्तं सोंग घेतेत ते पाहा!" त्यानंतर लोक जे हसत सुटले, ते बायकांच्या बाजूलाही मुरकुंड्या वळल्या. त्या सिनेमाला असे जाणकार प्रेक्षक त्याच्या देशात तरी मिळाले असतील की नाही, मला शंका आहे.

मी मधूनमधून मायकडे पाहत होते. तिचा चेहरा भिंतीकडे पाहतानाचाच होता. मला राहून राहून वाटत होतं, की हे पाहायला बाबा हवे होते. ते गावातले एकटेच असे, की ज्यांना भोंग्यावाल्याची गरज पडली नसती.

आणि मग ते दार आलं. मोकळं हिरवं माळरान, मधोमध एक बंद दार, बाकी भिंत नाही, छप्पर नाही. छत्री घेतलेला एक माणूस आला, पायपुसण्यावर बूट पुसले, दार वाजवलं. दारामागे उघड्यावरच खुर्ची टाकून एक बाई स्वेटर विणत बसलेली. म्हणजे पुन्हा झगा घातलेला पुरुषच. तिने काहीतरी विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं, मग टोपी काढून तो नम्रपणे परत गेला. दोन गमतींनंतर पुन्हा तेच दार, पुन्हा तो माणूस, आता सामानसुमान घेऊन. तंबू ओरडायला लागला, "अबे येड्या, बाजूनं जा ना!" तो बाजूने जाईना. त्याने दार वाजवलं आणि थांबला. ती बाईही विणायची थांबली. त्या शांततेत माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला,

"कोनी नाई!"

सगळ्या तंबूत हशा फुटला. आमच्या गावच्या बायका मात्र हसता हसता गप्प झाल्या, कारण फाटकावरचं ते बोलणं त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. मायने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं आता हिला धरावं लागणार, म्हणून पदर बाजूला केला तर ती हसत होती. रडू मलाच आलं. शेवटच्या खेपेला तो माणूस म्हातारा होऊन आला आणि तसाच परत गेला. मग ती बाई उठली, दारातून बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि स्वतःच ते बाहेरून वाजवायला लागली. तिथेच पडदा पांढरा झाला. तिला दार कोणी उघडलं का, ते आजपर्यंत मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी पोरांचा गलका झाला. पाहते तर बहुरूपी. कुणाचा तरी जुना कोट, डोक्यावर टोपी, हातात छत्री, तोंडाला पीठ फासलेलं. म्हणजे हाही रात्री तंबूत होता. त्याने जमिनीवर वहाणा पुसल्या, हवेतच दार वाजवलं आणि बाबांच्या उत्तराची वाट पाहत उभा राहिला. माय ओट्यावरच होती. तिने भिंतीकडे तोंड केलं. त्याने पुन्हा वाजवलं. "मालक कुठी गेले?" त्याने मला विचारलं. मी सांगितलं. त्याने टोपी काढली. सोंगातल्यासारखी नव्हे, अगदी खरी काढली. पीठ फासलेल्या त्या तोंडावर काय उमटलं ते मला वाचता आलं नाही. मी सुपात ज्वारी आणली, तर ती न घेताच तो गेला.

त्यानंतर काही दिवसांनी मामा कामरगावला जाऊन बैलगाडी घेऊन आला. सकाळी निघायचं होतं. भांडी पोत्यात भरली होती, चुलीवर फक्त पिठल्याचं पातेलं होतं. दिवेलागणीला आम्ही तिघं आत बसलो असताना फाटकाकडून घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि मग,

"कोनी हाये काय घरात?"

आवाज बाबांचा होता. बाबांसारखा नव्हे, बाबांचा. 'घरात'वर किंचित रेंगाळणारा, बाजारातल्या ओरडण्याने बसलेला. मामा उठला होता, पण मायने त्याला हाताने थांबवलं. ती भिंतीकडे पाहत होती. पिठलं पातेल्याला लागल्याचा वास आला तरी कोणी हललं नाही. ती जे म्हणेल त्यावर आमचं पुढचं सगळं ठरणार आहे, हे मला त्या वयातही कळत होतं.

"हाये," माय म्हणाली. मग तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "हाये. मानूस हाये घरात."

बाहेरून उत्तर आलं नाही. 'मंग बोलून कोन राह्यलं' नाही, 'येऊन गेल्तो' नाही. मामा कंदील घेऊन फाटकापर्यंत गेला, रस्त्यावर पाहून आला. "तो बहुरूपीच असन," तो म्हणाला. मायने पातेलं उतरवलं, आणि पोत्यातून ताटं काढायला लागली. "भाऊ," ती म्हणाली, "तू जेवून घे. आमी नाई येत."

आम्ही राहिलो. मळा तिने केला, मला शिकवलं, आणि त्यानंतर फाटकावर कोणीही हाक मारली की ती जिथे असेल तिथून ओ द्यायची, "हाये!"

पुढच्या सुगीला बहुरूपी आला, फौजदार होऊन. मायने त्याच्या झोळीत स्वतः ज्वारी ओतली आणि हळूच विचारलं, "दादा, गेल्या साली दिवेलागनीले तुमीच आल्ते ना?"

तो म्हणाला, "नाई, बाई. मी तं कोट घालून आल्तो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी इंझोरीले गेलो. तिथूनच पुढं." मग म्हणाला, "मेल्या मानसाचं सोंग आमी घेत नाई. आमच्यात चालत नाई." एवढं बोलून त्याने छडी बगलेत मारली आणि वाफ्यातल्या वांग्यांची झडती घ्यायला गेला. मी इतकी वर्षं त्या उत्तराशी झटते आहे. कधी वाटतं, त्याने खरं सांगितलं. कधी वाटतं, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं सोंग त्याने वठवलं आणि ते सोंगच राहू नये म्हणून कबूल केलं नाही. खोट्या मिशा लावलेल्या माणसाचं खरं मानायचं की खोटं, हे ठरवणार कसं? मायने मात्र पुन्हा कधी विचारलं नाही. ती म्हातारी होऊन त्याच घरात गेली. तिला त्यातलं काय खरं वाटत होतं, ते मीही विचारलं नाही.

परवा मी त्या दारापुढे कितीतरी वेळ उभी होते. मजूर जेवायला बसले होते. त्यातल्या एकीला वाटलं असावं, म्हातारीला पलीकडे जायचंय. ती घास हातात धरून ओरडली, "मावशे, बाजूनं जा ना!" बाजूने जाता येतं हे मलाही दिसत होतं. मी वहाणा पुसल्या, कडी वाजवली, आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, कोनी हाये काय घरात?

पलीकडे वारा होता, मशीनची घरघर होती. मी थांबले. आणि मग लक्षात आलं, की "कोनी नाई" म्हणायलासुद्धा घरात कोणीतरी असावं लागतं.