गाडीशिवाय तलावापर्यंत

मोटार टाळायची असली की प्रत्येक सहल शेवटच्या पाच किलोमीटरवर अडते. कोकणातली चार गावं मी तपासली. रेल्वे आहे, बस आहे, पण समुद्र जवळ आला की सगळे सांगतात, इथून गाडी करा.

आमची मुलगी गाडीत बसत नाही. दोन वर्षांपूर्वी मामाच्या गाडीला अपघात झाला तेव्हा ती मागच्या सीटवर होती. शेजारी बसलेली मामेबहीण जागीच गेली. दारं उघडेनात, आणि लोक येईपर्यंत ही तिच्याशेजारी तशीच अडकून पडली. त्यानंतर कॉलेज सुटलं, मैत्रिणी सुटल्या. यंदाच्या उन्हाळ्यापासून ती जेवायलाही खोलीबाहेर येईना. ताट दाराशी ठेवायचं आणि अर्धं भरलेलं परत न्यायचं. डॉक्टर म्हणाले, ती म्हणेल तिथं न्या, पण बाहेर काढा.

एका संध्याकाळी ती आतूनच म्हणाली, "मोठं पाणी पाहायचं आहे. बस चालेल, ऑटोही चालेल. गाडी नको."

नागपुरातला सक्करदऱ्याचा तलाव घराजवळच, पण तिथं ओळखीचे लोक भेटतात. मी उमरेडच्या बाजूचा एक तलाव निवडला. दिघोरी नाक्याहून बस, फाट्यावरून पाच किलोमीटर ऑटो. पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे कर, ठरवला, कारण मारबतीच्या मिरवणुकीमुळे नागपुरात ऑफिसला सुट्टी. बायको म्हणाली, "तुम्ही दोघंच जा. मी आली तर ती माझ्याच तोंडाकडं पाहत राहीन."

मिरवणुकीमुळे बस फार उशिरा आली. फाट्यावर उतरलो तर तीन वाजून गेले होते आणि एकही ऑटो नव्हता. पानठेल्यावर एकटा म्हातारा बसला होता.

"ऑटो कधी येतीन, काका?"

"आज कुठचे ऑटो? पोळ्याची कर हाय ना गा! सारे ऑटोवाले पिऊन पडले असतीन. सुट्टी काय तुमा नागपूरवाल्यायलेच राह्यते?"

पंधरा दिवस मी बसच्या वेळा जुळवत होतो. पण ऑटो चालवणारी माणसं गावातलीच आहेत आणि त्यांच्याही घरी पोळा असतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी परतीच्या बसची वेळ विचारली.

"पोरीले आणलं तं वापस काहून नेता?" म्हातारा म्हणाला. "माह्या पुतण्याची गाडी हाय. बोलावतो."

गाडी म्हणताच मुलगी रस्त्याच्या कडेच्या चिखलात उतरली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"घरी जाऊ, बेटा. पुढच्या वेळी येऊ."

"पुढच्या वेळी मी येणार नाही, बाबा. आपण पायी जाऊ."

परतीची शेवटची बस पाचला होती. जाऊन-येऊन दहा किलोमीटर, आणि हातात दोन तासही नाहीत. गणित बसत नव्हतं, हे मला पहिल्या पावलालाच माहीत होतं. तिलाही सांगितलं. ती चालत राहिली. मागून गाडीचा आवाज आला की माझं मनगट घट्ट धरायची, गाडी पुढे गेल्यावर सोडायची. अर्ध्या वाटेवर मी थांबलो. इथून वळलो तर बस मिळाली असती. ती मात्र थांबली नाही. तिला ओढून परत नेण्याची हिंमत मला झाली नाही.

तलाव काठोकाठ भरला होता. बांधावर ती गुडघे जवळ घेऊन बसली आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. घरून आणलेल्या पुरणपोळ्यांतली एक तिनं पूर्ण खाल्ली. मी दुसरीकडे पाहत राहिलो, मी पाहतोय हे कळून ती थांबू नये म्हणून.

ऊन उतरलं तेव्हा तिनं विचारलं, "बस?"

"गेली."

"मग?"

"आता गाडीच बोलवावी लागेल, बेटा. दुसरं काही नाही. मी तुझा हात धरून बसेन. काचा खाली ठेवू. पाहिजे तर डोळे मिटून घे."

एवढी विनवणी मी आयुष्यात कुणाचीच केली नव्हती.

"इथून घर किती लांब आहे?"

"अठ्ठेचाळीस किलोमीटर."

तिनं मान हलवली, सँडलचे पट्टे घट्ट केले आणि बांध उतरू लागली. मी हाक मारली. तिनं मागं पाहिलं नाही. मी डबा पिशवीत टाकला आणि तिच्यामागे निघालो.