रफीकचा फोन आला होता

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलाजवळ नाही — आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये. सकाळपासून नुसती बसून राहिले आहे.

अंदमानपासून सुरू करते.

लातुरात मी आणि रेहाना एकाच क्लासला शिकवायचो. ती फिजिक्स, मी बायोलॉजी. क्लासेसचे ते भरभराटीचे दिवस. अहमदपूर, उदगीर, नांदेड, कुठून कुठून पोरं यायची. आमच्या गल्लीत ज्याच्या घराला वरचा मजला होता त्यानं तिथं हॉस्टेल काढलेलं. आम्हाला सुट्टी म्हणजे दिवाळीची, तीही जेमतेम. त्या दिवाळीत नांदेडच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याची अंदमानची सहल निघत होती. रेहानानं मला न विचारताच दोघींची नावं दिली. माझ्या नवऱ्याला तिनंच राजी केलं, पोराला सासूबाईंकडं ठेवायचं तिनंच ठरवलं. मी समुद्र पाहिलेला नव्हता. तिशी ओलांडली होती, आणि समुद्र पाहिला नव्हता.

पण रेहाना माझी कोण, हे आधी सांगायला हवं. ते टाळून पुढं जाता येत नाही — मी जाणार होते खरं तर.

भूकंप झाला तेव्हा आम्ही दोघी लातुरात शिकायला होतो, एका खोलीत. माझं गाव औशाच्या खाली. आई, दादा आणि वहिनी गावी होते. वडील आधीच गेले होते. घर दगडमातीचं, वर मातीचं माळवद. रेहाना माझ्यासोबत मदतीच्या ट्रकमध्ये चढून गावाला आली. तिथं जे पाहिलं ते इथं लिहीत नाही. तिघंही गेले. मी रडले नाही. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या, म्हणायच्या, रड गं बाई. मला भूक लागलेली आठवते. भूक लागली आणि लाज वाटली, एवढंच.

मग रेहानानं मला कंधारला नेलं, तिच्या घरी. तिची आई — अम्मीच म्हणायचे मी पण — आणि धाकटा भाऊ रफीक. रफीकचं बाजारात गाद्या भरायचं दुकान. अम्मीनं मला घरातल्यासारखं ठेवून घेतलं. माझ्यासाठी वेगळी भांडी आणली, त्यांत कधी मटण शिजवलं नाही, मी लिंगायताची पोर म्हणून. मी कधी मागितलं नव्हतं. रोज दुपारी अंगणात बसवून डोक्याला तेल लावायची. काही विचारायची नाही. पुढं माझं लग्न ठरलं तर माझ्याकडून बोलायला माणूस कोण? रफीक आला होता, इस्त्रीचा सदरा घालून.

आता कळलं ना तुम्हाला, ती माझी कोण होती?

पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर रेहानाच्या मोबाईलला रेंजच नव्हती. मोबाईल नुकते हातात आले होते तेव्हा. माझं कार्ड सरकारी कंपनीचं, ते चालत होतं. निघताना तिनं माझा नंबर रफीकला देऊन ठेवलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला सेल्युलर जेल दाखवायला नेलं. लांबच लांब व्हरांडे, ओळीनं कोठड्या, एका इमारतीची तोंडं दुसरीच्या पाठीकडं, कैद्याला कैदी दिसू नये म्हणून. सगळे फाशीघर बघायला खाली गेले. मी वरच्या गच्चीवर थांबले, कारण तिथून समुद्र दिसत होता. ऊन नव्हतं. पाणी एवढं असतं हे मला माहीत नव्हतं.

तेव्हा फोन वाजला.

रफीक होता, बूथवरून. म्हणाला, "ताई, अम्मीला नांदेडला आणलंय, दवाखान्यात. डॉक्टर चांगलं सांगून नाही राहिले. रेहानाला द्या."

ती खाली आहे, सांगते, असं मी म्हणाले.

"लगेच सांगा. अम्मी तिचंच नाव घेऊन राहिली. विमानानं निघ म्हणा, पैशाचं मी बघतो."

हो म्हणाले. फोन ठेवला. खाली अंगणात रेहाना दिसत होती, डोक्यावर ओढणी घेतलेली, मला हात करत होती — खाली ये म्हणून. मी पण हात केला.

मला काय वाटलं? हेच तुम्ही विचाराल, मीही स्वतःला तेच विचारत आले. काही वाटलं नाही. हे उत्तर चांगलं नाही हे मला कळतं. रेहाना मला इतके दिवस घेऊन फिरली, आता तिची पण आई जाणार, जाऊ दे — असं काही आत होतं का? असेल. सहल मोडेल, मला पण तिच्यासोबत परतावं लागेल आणि हा समुद्र परत कधी दिसणार — हे तर नक्की होतं. पण खरं म्हणजे काहीच हललं नाही. जेवताना सांगू म्हटलं. जेवताना ती ट्रॅव्हल्सच्या माणसाशी माशावरून हसून हसून बोलत होती. मग म्हटलं, संध्याकाळी.

संध्याकाळी तिनं विचारलं, रफीकचा काही फोन?

नाही, म्हणाले.

बघा, किती छोटा शब्द आहे.

तिनं घरी फोन लावायला माझा मोबाईल मागितला, तर मी बॅटरी उतरली म्हणाले. मग ती बूथवर गेली. मी बाहेर उभी. कंधारच्या घरी घंटी वाजत राहिली. वाजणारच ना? घराला कुलूप होतं, सगळे नांदेडला दवाखान्यात. ती बाहेर येऊन म्हणाली, बाजाराचा दिवस असेल, दुकानात असतील सगळे. मी म्हणाले, असतील. मग आम्ही शिंपल्यांच्या माळा घेतल्या. एक तिनं अम्मीसाठी घेतली.

दुसऱ्या दिवशी रॉस बेट. तेव्हा त्याला रॉसच म्हणायचे. गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा सगळे साहेब या बेटावर राहायचे. आता तिथं नुसत्या भिंती. चर्च, बेकरी, साहेबाचा बंगला — छपरं नाहीत, आणि भिंतींना झाडांच्या मुळांनी असा विळखा घातलाय की मुळं काढली तर भिंत पडेल. गाइड पुढं चालत सांगत होता. म्हणाला, इथं मोठा भूकंप झाला होता, त्यात हे पडलं.

भूकंप शब्द आला आणि रेहानानं माझा हात धरला.

"चल विजू. आपण नको बघू हे."

मी म्हणाले, मला काही होत नाही.

"तुला काय होतं ते मला माहीत हाय. चल."

आमची माणसं पुढं गेली. तिनं मला धक्क्याजवळ नारळाच्या झाडाखाली बसवलं, शहाळं आणून दिलं. हरणं फिरत होती तिथं, माणसांना न भिणारी. ती माझ्या शेजारी बसली. खोबऱ्याचे तुकडे हरणांना देत म्हणाली, "अम्मी सांगत असते, विजू तेव्हा रडली नाही, ते अजून तिच्या आत हाय. कधी निघालं तर तू जवळ राहा तिच्या."

मी रडले. तिच्या खांद्यावर डोकं टेकून —

नाही. हे खोटं आहे. इथंसुद्धा मी खोटं लिहायला निघाले होते. मी रडले नाही. शहाळं पीत होते. माझ्या पर्समध्ये बंद करून ठेवलेला मोबाईल होता, नांदेडला अम्मी तिचं नाव घेत होती, आणि रेहाना भूकंपासाठी माझ्या पाठीवर हात फिरवत होती. मी फिरवू दिला. तिनं माझ्यासाठी ते बेट पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत ती मला जपत होती, बोटीत चढताना हात देत होती.

त्या दिवशी सांगितलं असतं तरी ती पोचली असती. दुसऱ्या सकाळी चेन्नईचं विमान होतं. पुढं हैदराबाद, हैदराबादहून नांदेडला रात्रीची गाडी. अम्मी तोपर्यंत होती. हे मी नंतर मोजून पाहिलं, एकदा नाही, कितीदा.

त्या सकाळी आम्ही बोटीनं हॅवलॉकला गेलो, दोन रात्री तिथंच मुक्काम. पांढरी वाळू, मागं उंच झाडं, पाणी हिरवं, मग निळं. रेहाना सलवार गुडघ्यापर्यंत भिजवून उभी होती. तिचा तिथला फोटो मीच काढलाय. हसते आहे. मी फोन उघडला नाही. तिथं रेंज नव्हती असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं, ते खरंच होतं. पण उघडला नव्हता, हे जास्त खरं.

पोर्ट ब्लेअरला परतल्यावर उघडला. थोड्या वेळानं वाजला. रफीकचा आवाज एकदम सपाट.

"झालं ताई. मातीबी झाली काल. तिला सांगितलं होतं ना तुम्ही?"

इथं थांबता आलं असतं. नाही सांगितलं रफीक, माझ्याकडून झालं नाही — एवढं एक वाक्य. मी म्हणाले, सांगितलं होतं, तिला तिकीटच मिळालं नाही.

 रफीक "बरं" म्हणाला.

मी मोबाईलमधून आलेल्या फोनचे नंबर पुसून टाकले. खोलीत जाऊन रेहानाला म्हणाले, आत्ता फोन आला. ती पलंगाच्या कडेला बसली, उठली, पुन्हा बसली. परतीच्या सगळ्या वाटेत मी तिला धरून होते. विमानात तिचं डोकं माझ्या मांडीवर. अजून ती लोकांना सांगते, विजू होती म्हणून मी घरी आले.

कंधारला पोचलो तर दारात माणसं होती. रेहाना आत जाऊन बायकांत बसली. थोड्या वेळानं रफीक उंबऱ्यापाशी आला आणि तिला म्हणाला, आता आलीस? ती म्हणाली, मला कळलं कधी? तू कळवलंस कधी? आवाज वाढले. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"ताई, तुम्हीच उचलला होता ना फोन? अम्मी दवाखान्यात असताना?"

मी म्हणाले, "नाही रफीकभाई. मला एकच फोन आला, सगळं झाल्यावरचा."

"तिकीट मिळालं नाही म्हणाल्या तुम्ही."

"असं मी कुठं म्हणाले?"

 त्याचे मामा खाटेवर बसले होते, ते म्हणाले, दुसऱ्याच कुणाला लागला असंल फोन, मॅडम कशाला खोटं बोलतील? आणि तिथंच ते मिटलं. मी शिकवणारी बाई, तो गाद्या भरणारा. कुणी जास्त विचार केला नाही. रफीकनं वाद घातला नाही. आत गेला. रेहानानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

तिनं धरून ठेवलंय की भावानं मुद्दाम कळवलं नाही. अम्मीचा तिच्यावर जास्त जीव, ते त्याला सलायचं, म्हणून. आणि रफीकनं काय धरून ठेवलंय, ते मला माहीत नाही. तो फोन मीच उचलला होता हे त्याला माहीत आहे, एवढं मला माहीत आहे. भाऊबहीण त्यानंतर बोलले नाहीत. ती कंधारला गेली नाही. त्याच्या लेकीचं बारसं झालं, तिचे कान टोचले, हिला बोलावणं नाही. इकडं दर ईदला ती माझ्याकडं शीरखुर्म्याचा डबा आणते. मी खाते. कितीदा वाटलं, आज सांगू — हे वाक्य लिहिण्यात आता अर्थ नाही. नाही सांगितलं.

गेल्या वर्षी रफीकची तीच लेक, सना, डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातूरला आली. आत्या इथं दोन गल्ल्या सोडून राहते, पण पोरगी हॉस्टेलवर राहते. रेहाना आता दुसऱ्या क्लासला आहे. सना माझ्याकडं बायोलॉजीला. तिला सोडायला रफीक आला होता. केस पांढरे झालेत. म्हणाला, "मॅडम, पोरीकडं लक्ष असू द्या." पूर्वी मला ताई म्हणायचा. एवढंच बोलला, आणि बसस्टँडकडं गेला.

रेहाना तिला रस्त्यात लांबून बघते. मग मला विचारते, कशी हाय गं? जेवती का नीट? मी सांगते. आत्याला भाचीची खबर माझ्याकडून मिळते.

परवा तास सुरू व्हायच्या आधी सना माझ्याजवळ आली. बाकीची पोरं अजून जिन्यात होती. म्हणाली, "मॅडम, फुफूसोबत अंदमानला तुम्ही होत्या ना? अब्बा काहीच सांगत नाहीत. फुफूला खरंच माहीत नव्हतं का?"

अगदी साधं विचारलं तिनं. रागानं नाही. तिला नुसतं कळून घ्यायचं होतं, आणि माझ्या तोंडून जे निघालं असतं ते तिनं संध्याकाळी जाऊन आत्याला सांगितलं असतं.

मी म्हणाले, लई जुनी गोष्ट आहे गं, मला आता आठवत नाही.

ती "बरं मॅडम" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. पोरं आत आली. मी फळा पुसला आणि आदल्या दिवशी राहिलेला भाग पुढं शिकवायला घेतला.